आईच्या खोलीतली वाळवी

“काकू, आजी दुपारी कुणाशी बोलतात?”

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलींपैकी एकीने मला जिन्यात थांबवून विचारलं. आमच्या लातूरच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्ही मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना देतो. त्या दुपारी क्लासवरून जेवायला येतात. मी तेव्हा शाळेच्या कार्यालयात असते आणि माझा नवरा नोकरीसाठी नांदेडला असतो, तो शनिवारी येतो. म्हणजे दुपारी घरात आई एकटीच.

“फोनवर बोलत असेल,” मी म्हटलं.

“फोन तर हॉलमध्ये चार्जिंगला असतो,” ती म्हणाली. मग स्वतःच कसनुशी हसली आणि वर निघून गेली.

वडील गेल्यापासून आई आमच्याकडे असते. भूकंपानंतर छताखाली झोपणं तिला कधी जमलंच नाही. आमचं घर सिमेंटचं आहे, खाली पक्का पाया आहे, हे नवऱ्याने तिला किती वेळा समजावलं असेल, पण तिची बाज पोर्चमध्येच असायची. गेल्या हिवाळ्यात तिला छातीचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी गारव्यात झोपायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ती नाइलाजाने मागच्या खोलीत आली. त्या खोलीत भिंतीतच बसवलेलं एक मोठं लाकडी कपाट होतं. तिची बाज आम्ही त्याला लागून टाकली.

मुलीने विचारल्यानंतर काही दिवसांनी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. लाईट गेली होती, कूलर बंद होता. उन्हाळ्यात लातूरची दुपार कशी असते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी दार लोटलं आणि मागच्या खोलीतून आईचा आवाज आला.

“हां. आता सांग.”

मग टक, टक, टक. अडकित्त्याच्या दांड्याने ती लाकडावर ठोकत होती. मी दारात उभी राहिले. बाजेवर गुडघे दुमडून ती कपाटाला कान लावून बसली होती. डोळे मिटलेले. थोडा वेळ काहीच झालं नाही. आणि मग कपाटातून आवाज आला.

तो आवाज कसा होता ते सांगणं अवघड आहे. वाळलेल्या पानांवरून कुणी हात फिरवावा, तसं काहीसं. पण तो सलग नव्हता. खर्रर्र, मग थांबायचा. पुन्हा खर्रर्र, पुन्हा थांबायचा. कुणीतरी विचार करून, मोजून काढल्यासारखा. आईने पुन्हा ठोकलं, आणि तो पुन्हा आला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

“आई!”

तिने डोळे उघडले. दचकली वगैरे नाही. “आज लवकर आलीस?” म्हणाली.

मी कपाट उघडलं. साड्यांची खालची चळत हातात घेतली तर ती अर्धीच वर आली. मागच्या प्लायवूडवर बोटाएवढ्या जाडीच्या मातीच्या वाटा चढत गेल्या होत्या. एक वाट मी नखाने फोडली. आत पांढरट किडे वळवळत होते. ते क्षणात आत पसार झाले आणि मोठ्या डोक्याचे दोन-तीन पुढे येऊन उभे राहिले. माझी भीती एकदम ओसरली. एवढंच तर होतं.

“वाळवी आहे गं आई. तिचा आवाज येतोय.”

“मंग मला काय येडी समजती व्हय? उधई हाय, ठावं हाय मला.”

“मग बोलतेस कुणाशी?”

तिने सुपारीचं खांड अडकित्त्यात धरलं आणि कातरलं. “उत्तर देतंय ना ते,” म्हणाली. “उत्तर देतंय म्हनून बोलते.”

भूकंपात आई ढिगाऱ्याखाली होती, हे मला माहीत होतं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आमचं आणि थोरल्या चुलत्यांचं घर एकाला एक लागून होतं, मधे एकच भिंत. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना ते सगळं खाली आलं. वडील मांडवापाशी झोपले होते म्हणून वाचले. आम्ही दोघी चुलत बहिणी त्या वर्षी आपापल्या मामांकडे होतो, मी शाळेसाठी रेणापूरला आणि अक्का अर्धापूरला. थोरले चुलते गेले, अक्काची आई गेली, आमची आजी गेली. आईला वडिलांनी आणि गावातल्या चारजणांनी उकरून काढलं, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं. आई त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

त्या दुपारी ती बोलली. मधे असलेल्या भिंतीतून एक लाकडी तुळई आरपार दोन्ही घरांत गेलेली होती. पडताना तिचं एक टोक आईच्या डोक्याशी तिरपं अडकलं, त्याच्यामुळेच तिला श्वास घेण्यापुरती जागा राहिली. तोंडात माती होती, ओरडता येत नव्हतं. एक हात मोकळा होता. हाताला दगड लागला, त्याने ती तुळईवर ठोकत राहिली.

“आन पलीकडून उत्तर आलं,” आई म्हणाली. “काकणं घासल्यागत. माज्या जाऊबाईचे हात भरून काकणं असायची. मी वळखलं. म्या ठोकलं की ती वाजवायची. मला वाटलं, ती हाय, मंग मी बी हाय. काढलं तवा म्या सगळ्यास्नी सांगितलं, भिंतीपल्याड उकरा, ती जित्ती हाय. मंग मला दवाखान्यात नेलं, तितंच कळलं, ती न्हाई वाचली.”

कपाटाकडे बोट करून ती म्हणाली, “तसाच आवाज हाय ह्यो. सेम तस्सा.”

दुसऱ्या दिवशी मी कपाट करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. जुन्या लातुरातले, पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम करणाऱ्या घरातले चाचा. त्यांनी पेचकस चौकटीला टेकवला आणि जरासा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

“ह्याच्यात काय राहिलं नाही बेटा. बाहेरून लाकूड, अंदर मट्टी. काढून टाकू, खाली जळकं ऑईल ओतू. खलास.”

पेस्ट कंट्रोलवाला मात्र वेगळंच म्हणाला. बॅटरी घेऊन त्याने सगळं घर पाहिलं, जिन्याखालचा कोपरा, वरच्या मुलींच्या दाराच्या चौकटीसुद्धा. कपाट नुसतं काढलं तर वाळवी तिथून उठून दुसऱ्या लाकडात जाईल, असं त्याचं म्हणणं. भिंतीच्या कडेकडेने फरशीला ओळीने भोकं पाडायची, पंपाने जमिनीत औषध सोडायचं आणि भोकं सिमेंटने बुजवायची. नवीन औषधाला शेतातल्या फवाऱ्यासारखा वास नसतो, मुलींना एक दिवस बाहेर पाठवलं की झालं. नवऱ्याने फोनवर तिसरा मार्ग सांगितला. नांदेडला त्याच्या साहेबांकडे आमिषाचे डबे बसवले होते. अंगणात घराभोवती पुरून ठेवायचे, वाळवी ते खाते आणि वारुळात नेते, हळूहळू सगळी वसाहत मरते. फोडाफोडी नाही.

मला डबेच बरे वाटले. ड्रिल मशीनने फरशी थरथरली तर आईचं काय होईल, याचीच मला धास्ती होती. शेजारी बोअर पाडत होते तेव्हा ती दिवसभर रस्त्यापलीकडे जाऊन बसली होती. पण डब्यांचा मामला संथ. वाळवी डब्याकडे कधी वळेल ते तिच्या मर्जीवर, महिनेच्या महिने जाऊ शकतात. तोवर ते पोकळ कपाट आईच्या डोक्याशी उभं राहणार. खोली बदलायला ती तयार नव्हती.

पेस्ट कंट्रोलवाला चौकट ठोकून पाहत असताना आई बाजेवरून म्हणाली, “तुमाला न्हाई द्यायचं ते उत्तर.”

तो हसला. मग त्याने बॅटरीच्या मागच्या बाजूने कपाटावर दोनदा ठोकलं आणि गंमत म्हणून कान लावला. काहीच आलं नाही. आईने हात लांब करून अडकित्त्याने ठोकलं. खर्रर्र. खर्रर्र. तो माणूस मागे सरकला आणि बॅटरी पिशवीत टाकू लागला.

“औषधानं मरतेत का?” आईने त्याला विचारलं.

“हो आजी. सगळीच्या सगळी.”

“मंग नगं.”

आईने नको म्हटलं आणि गाडी तिथेच अडली. शनिवारी नवरा आला, त्याने खालून-वरून सगळं पाहिलं आणि वैतागला. “तू समजाव त्यांना. कपाट अंगावर पडलं म्हणजे?” मी समजावत होते. आई ऐकून घ्यायची आणि सुपारी कातरत राहायची. तिचं जेवण कमी झालं. ताट ती खोलीत घेऊन जायची, बाजेवर कपाटाकडे तोंड करून जेवायची. मी पोळी वाढायला गेले तर बोलणं मधेच थांबवून माझ्याकडे बघायची, दोन बायका बोलत असताना तिसरी आल्यावर बघतात तशी.

एका संध्याकाळी मी आले तेव्हा ती खुशीत होती. म्हणाली, “आज लई बोलली ती.”

मी चहा गाळत होते. हात तसाच राहिला. आत्तापर्यंत ती नेहमी ‘ते’ म्हणायची. ते उत्तर देतंय, ते चालू झालंय.

“ती म्हणजे कोण, आई?”

“कोन म्हंजे?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे विचारायचा मला धीर झाला नाही. त्याच आठवड्यात वरच्या मुलीने सांगितलं की आता त्यांच्या दाराच्या चौकटीतूनही रात्री आवाज येतो. मी अक्काला फोन लावला.

अक्का नांदेडला असते. भूकंपानंतर ती मामांकडेच वाढली, लग्नही तिकडेच झालं. तिची आई ढिगाऱ्याखाली काही तास जिवंत होती, ही गोष्ट आईने तिला कधीच सांगितली नव्हती. मलाही ती फोनवर सांगवली नाही. “काकूला बरं नाही, येऊन जा,” एवढंच म्हटलं. ती दुसऱ्याच दिवशी बसने आली.

आईने तिला बाजेवर शेजारी बसवलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळं सांगितलं. तुळई, दगड, काकणं. अक्का खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही.

“काकू, पण आई तिकडं नव्हती,” ती शेवटी म्हणाली.

“कुठं?”

“भिंतीपाशी. ती ओसरीवर होती. उजाडायच्या आधीच सापडली लोकांना, तव्हाच संपलेली होती. मला सगळे तसंच सांगत आलेत. तिला काही कळलंच नसेल म्हणून. मी त्याच्यावर तर समाधान मानत आले, काकू.”

आईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू सुटत चाललं होतं, आणि मला ते बघवेना.

“मंग मला उत्तर कोन देत व्हतं?”

आईनेच पुढे म्हटलं, “त्या तुळईला बी उधई लागली व्हती. हे म्हनायचे, पोकळ झाली, दिवाळीनंतर बदलू.”

आणि तेव्हा, कुणी ठोकलं नसताना, कपाटातून तो आवाज आला. खर्रर्र. थांबला. खर्रर्र. अक्काने माझा दंड गच्च धरला. तिने तो पहिल्यांदाच ऐकला होता. आई उठली. इतक्या वर्षांत मी तिला असं रागावलेलं पाहिलं नव्हतं. तिने अडकित्ता बाजेवर टाकला आणि म्हणाली, “बोलाव त्या मशीनवाल्याला. डबे नगं न् फिबे नगं. मारून टाक समदे.”

ड्रिलच्या दिवशी मुलींना मी मैत्रिणीकडे पाठवलं. अक्का आईला नांदेडला नेत होती, पण आई गेली नाही. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. मशीन सुरू झालं तशी फरशी थरथरायला लागली, भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्या किणकिणू लागल्या. आईचे दोन्ही हात खुर्चीला घट्ट, जबडा आवळलेला, डोळे छताकडे. मी तिच्या पायाशी बसले होते, तिची पावलं गार पडली होती. “बाहेर जाऊ या का?” मी विचारत होते. ती मानेने नाही म्हणत होती. भोकांची ओळ मागच्या खोलीपर्यंत गेली, मग मशीन बंद झालं आणि पंपाची भकभक सुरू झाली.

संध्याकाळी आई खोलीत गेली. मी तिच्या मागे. तिने ठोकलं. आवाज आला, पण विस्कटलेला, कुठेही सुरू होणारा, कुठेही तुटणारा. दुसऱ्या दिवशी तोही नव्हता.

“बरं झालं,” आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

चाचांनी कपाट काढायला घेतलं तेव्हा ते काढावं लागलंच नाही, हात लावावा तिथे गळून पडलं. मागची भिंत जमिनीपासून वरपर्यंत मातीच्या वाटांनी भरली होती. एकीतून दुसरी फुटलेली, दुसरीतून तिसरी, जाळंच्या जाळं. सगळ्यांत दाट जाळं आईच्या उशाच्या उंचीला होतं, जिथे ती ठोकायची तिथे. मी चाचांना काही बोलले नाही. त्यांनीही तिकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि खराट्याने ते खाली ओढायला लागले. तो कोनाडा आम्ही विटांनी भरून घेतला.

घर वाचलं होतं. पण आई बोलेनाशी झाली. विचारलं तेवढंच उत्तर, तेही निम्मं. दुपारी ती पोर्चमध्ये बसायची, मागच्या खोलीत फक्त झोपायला जायची. आता दुपारी वरून खाली काही ऐकू येत नाही, असं मुलगी म्हणाली, आणि लगेच, “आजी ठीक आहेत ना?” मला स्वतःला त्या खोलीतली शांतता सहन होत नव्हती. झाडायला गेले की मी थबकायचे, कान द्यायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे.

पावसाळा संपता संपता अक्काचा फोन आला. अर्धापूरला लग्नात तिचे थोरले मामा भेटले होते. खूप थकलेत आता. भूकंपाची बातमी कळताच बहिणीसाठी गावात पोचलेल्या पहिल्या माणसांत ते होते. अक्काने त्यांना प्रथमच स्पष्ट विचारलं. इतकी वर्षं ते तिच्याशी या विषयावर बोलणं टाळत आले होते.

“ओसरीवर सापडली ती आजी होती गं,” अक्का म्हणाली. “मी लहान होते म्हणून मला आईचं म्हणून तसं सांगितलं. झोपेतच गेली म्हणून. आई दुपारी सापडली. आतल्या खोलीत, मधल्या भिंतीला लागून. मामांनीच उचलली. आणि मामा म्हणाले, डाव्या हातातली काकणं शाबूत होती. उजव्या हातात एकही नव्हतं.”

मी फोन ठेवला. आईला सांगावं की नाही, हा प्रश्न मला पडला, पण तो फार वेळ टिकला नाही. एकदा चुकीचं सांगून झालं होतं.

आई पोर्चमध्ये मेथी निवडत होती. मी तिच्याजवळ खाली बसले आणि अक्काने सांगितलं तसं, शब्द न बदलता सांगितलं. ती काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत राहिली. हाताचं सांगितलं तेव्हा मात्र हात थांबले.

“उजव्या?” तिने विचारलं.

“हो.”

“डावा अडकला आसंल.” ती उठली नाही, रडलीही नाही. तिने स्वतःचा उजवा हात वर करून उन्हात पाहिला, उलटा, सुलटा. “लई हट्टी व्हती ती,” म्हणाली. “एक काम हातात घेतलं की सोडायची न्हाई. आमच्या दोघींत भांडनं काय कमी व्हायची? माज्या आधी उठून पान्याला जायची, मला उशीर झाला आसं सासूला दिसावं म्हनून.” आणि ती हसली. जाऊबाईचं नाव काढून हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग ती बोलतच सुटली. तिची भाकरी कशी मोठी असायची, तिला जत्रेत पाळण्याची भीती कशी वाटायची, अक्का पोटात असताना ती चोरून माती कशी खायची.

“हे अक्काला सांगितलंस का कधी?” मी विचारलं.

“तिनं कवा इचारलं?”

दिवाळीनंतर आई नांदेडला अक्काकडे गेली. आठ दिवसांसाठी म्हणून गेली ती अजून आलेली नाही. अक्काचं घर चौथ्या मजल्यावर आहे. आई तिथे आत झोपते म्हणे. दुपारी जेवणं झाली की दोघी आडव्या होतात आणि आई सांगत बसते. अक्का म्हणते, कधी कधी तिलाच झोप लागते, पण काकू थांबत नाही.

पेस्ट कंट्रोलवाला मधे तपासणीला येऊन गेला. सगळ्या चौकटी त्याने ठोकून पाहिल्या, बॅटरी मारली. काही नाही, साफ आहे म्हणाला. मागच्या खोलीत विटांनी बुजवलेल्या भिंतीसमोर तो जरा घुटमळला.

“आजी?” त्याने विचारलं.

“नांदेडला गेल्यात, पुतणीकडे,” मी म्हटलं, आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.